पाहायचं तिथे, लिहायचं इथे

संगणकाच्या पडद्यावर चार मजकूर एकाच वेळी उघडे ठेवता येतात, पण दाबलेलं अक्षर उमटतं ते त्यातल्या एकाच विंडोत. त्या विंडोकडे फोकस आहे, असं म्हणतात. गॅसवर चार पातेली चढवली तरी हातातला डाव एका वेळी एकाच पातेल्यात फिरतो, तसंच हे. डाव मात्र हातात असतो. फोकस कुठे आहे हे बघावं लागतं. न बघता टाइप केलं, की पत्रातलं वाक्य हिशेबाच्या फाइलमध्ये जाऊन बसतं.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर ईमॅक्स हा एडिटर पाहावा. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हाती आहे. त्यात कंट्रोल-एक्स आणि दोन दाबलं की पडद्याचे वर-खाली दोन भाग, म्हणजे दोन विंडो होतात. दोनऐवजी तीन दाबलं तर शेजारी-शेजारी. ज्या विंडोत आपण लिहितो आहोत तिथला कर्सर भरीव दिसतो, बाकीच्यांतला पोकळ, आणि त्यांच्या तळाची पट्टीही फिकट होते. एकच फाइल दोन विंडोंत उघडली, तर प्रत्येक विंडो आपला कर्सर वेगळा सांभाळते. म्हणजे लेखाची सुरुवात वर डोळ्यांसमोर ठेवून शेवट खाली लिहिता येतो.

पुढच्या विंडोत जायला कंट्रोल-एक्स आणि मग ओ. दोन विंडोंना एवढं पुरतं. चार झाल्या, की पाहिजे तिथे पोचायला फेरी मारावी लागते. मग ईमॅक्समधलीच विंडमूव्ह ही सोय चालू करावी: शिफ्ट धरून बाणाचं बटण दाबलं, की त्या दिशेची विंडो मिळते. विम या एडिटरमध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबून एच, जे, के, एल वापरतात. डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. ही अक्षरं जुन्या व्हीआय एडिटरमधून आली. तो लिहिणाऱ्या बिल जॉय यांच्या टर्मिनलवर याच चार बटणांवर बाण छापलेले होते.

पण खरी गंमत फोकस न हलवता काम करण्यात आहे. अनुवादकाचं उदाहरण घ्या. डावीकडे इंग्रजी मूळ, उजवीकडे आपला मराठी मजकूर. मूळ पान पुढे सरकवायला ईमॅक्समध्ये तिकडे जावंच लागत नाही. कंट्रोल-आल्ट-व्ही दाबलं, की शेजारची विंडो सरकते आणि आपला कर्सर अर्ध्या वाक्यावर होता तिथेच राहतो. शिवाय मराठी टाइप करायला ईमॅक्सचा स्वतःचा देवनागरी इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडला असेल, तर ती निवड त्या मजकुरापुरतीच असते. इंग्रजीकडे जाऊन परत आलात तरी मराठी विंडोत मराठीच उमटतं.

आता मुद्दा अधिकाराचा. फोकस कुणी हलवायचा? ईमॅक्समध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. डिस्प्ले-बफर मजकूर नुसता दाखवते. पॉप-टू-बफर दाखवते आणि फोकसही तिथे नेते. कम्पाइल करताना निघणाऱ्या चुकांची यादी दुसऱ्या विंडोत येते, आपण मात्र होतो तिथेच लिहीत राहतो. माउस नेला तिथे फोकस जावा, अशीही सोय आहे, पण मुळात ती बंद असते. चालू केली तर थोडा विलंब ठेवावा, नाहीतर कोपराचा धक्काही पुरतो.

अनेक प्रोग्राम याच्या उलट वागतात. आपण लिहीत असताना एखादा चौकोन मध्येच उघडतो, फोकस ओढून घेतो, आणि आपण नव्या ओळीसाठी दाबलेलं एंटर त्याला आपला होकार वाटतं. वाचलाही नाही अशा प्रश्नाला आपण उत्तर देऊन बसतो.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुण मित्रांना एक सांगणं. दाखवायचं ते खुशाल दाखवा. पण बोटं चालू असलेल्या माणसाचा फोकस, त्याने मागितल्याशिवाय हलवू नका. आणि वापरणाऱ्यांनी विंडो बदलण्याच्या या दोन-तीन खुणा बोटांत बसवून घ्याव्यात. आठवडाभर अडखळायला होईल, मग हात माउसकडे जायचा थांबेल.