रुआ जावारीचा जुवेंतुस

फुटबॉल क्लबचा इतिहास बहुधा त्याने जिंकलेल्या चषकांच्या आधाराने लिहिला जातो, आणि त्यामुळे खालच्या श्रेणीतील क्लबच्या वाट्याला तळटीपेपलीकडे फारशी जागा येत नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराच्या मोओका या जुन्या कामगार वस्तीतील ‘क्लुबे अत्लेतिको जुवेंतुस’ हा असाच एक क्लब आहे. राज्याचे मुख्य व्यावसायिक विजेतेपद त्याला एकदाही मिळालेले नाही. तरीही स्थलांतर, कापड गिरणी, संप आणि महायुद्ध यांची जी नोंद त्याच्या कहाणीत आढळते, ती मोठ्या क्लबच्या विजयगाथांत सहसा सापडत नाही, आणि म्हणूनच तो इतिहास स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉफीच्या पैशावर साओ पाउलोचे औद्योगिक शहर होऊ लागले, तेव्हा इटलीतून आलेली हजारो कुटुंबे रेल्वेमार्गालगतच्या मोओका आणि ब्रास या वस्त्यांत स्थिरावली. लोंबार्दी प्रांतातून तरुणपणी आलेला रोदोल्फो क्रेस्पी हा त्यांच्यापैकीच एक होता. त्याने मोओकात उभारलेली ‘कोतोनिफिसियो क्रेस्पी’ ही सूत व कापडाची गिरणी पुढे शहरातील सर्वांत मोठ्या गिरण्यांत गणली जाऊ लागली. गिरणीचा मालकही इटालियन आणि कामगारही बहुतांशी इटालियन, असे असले तरी त्यांचे संबंध सलोख्याचे होते असे समजणे चुकीचे ठरेल. जून 1917 मध्ये वाढीव पगारासाठी, रात्रपाळीचे तास वाढवण्याच्या विरोधात, आणि युद्धात उतरलेल्या इटलीच्या मदतनिधीसाठी पगारातून होणाऱ्या कपातीच्या विरोधात याच गिरणीतील स्त्री-पुरुष कामगारांनी काम बंद केले. जुलैमध्ये पोलिसांच्या गोळीने जोझे मार्तिनेझ हा तरुण मोची मरण पावला, त्याच्या अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला, आणि एका गिरणीतील तंटा ब्राझीलच्या इतिहासातील पहिला मोठा सार्वत्रिक संप बनला. मालकांना 20 टक्के पगारवाढ मान्य करावी लागल्यावरच तो मिटला.

या संपानंतर सात वर्षांनी, 20 एप्रिल 1924 ही स्थापनेची तारीख मानून, याच गिरणीतील कामगारांच्या हौशी संघांतून हा क्लब आकाराला आला आणि आरंभी त्याने गिरणीचेच नाव धारण केले. कामगारांच्या खेळाला मालकाने जागा व पाठबळ देण्यामागे शिस्त आणि निष्ठा विकत घेण्याचा हेतू असतो, असे कामगार चळवळीतील लोक त्या काळी म्हणत असत, आणि 1917 च्या पार्श्वभूमीवर हा संशय निराधार म्हणता येत नाही. मात्र एकदा मैदान हाती आल्यावर वस्तीने ते मालकाच्या हेतूपलीकडे नेऊन स्वतःचे करून घेतले, हेही तितकेच खरे आहे. क्लब जेमतेम अडीच महिन्यांचा असताना, जुलै 1924 मध्ये, जनरल इझिदोरो दियास लोपेस याच्या नेतृत्वाखाली लष्करातील एका गटाने बंड करून शहर ताब्यात घेतले. केंद्र सरकारच्या फौजांनी तोफा डागल्या त्या प्रामुख्याने कामगार वस्त्यांवर, आणि त्या माऱ्यात क्रेस्पी गिरणीचीही मोठी हानी झाली.

त्याच दशकात गिरणीपासून काही पावलांवर, रुआ जावारी म्हणजे जावारी नावाच्या रस्त्यावर, क्लबला मैदान मिळाले. 1929 मध्ये दुसऱ्या श्रेणीत विजय मिळवून संघ वर आला आणि 1930 च्या आरंभी गिरणीचे नाव सोडून त्याने ‘जुवेंतुस’ हे नाव घेतले, जे इटलीतील तुरीन शहरातील प्रसिद्ध ‘युव्हेंटस’ क्लबचे होते. अंगावरचा गडद डाळिंबी रंग मात्र त्याच शहरातील प्रतिस्पर्धी तोरिनोचा आहे. नाव एकाचे आणि रंग दुसऱ्याचा, हा योग कसा जुळला याच्या निरनिराळ्या हकिकती मोओकात सांगितल्या जातात. पहिल्याच वर्षी, सप्टेंबर 1930 मध्ये, या नवख्या संघाने बलाढ्य कोरिंथियन्सला त्यांच्याच मैदानावर 2-1 असे हरवले, तेव्हा क्रीडापत्रकार तोमास माझ्झोनी याने त्याला ‘मोलेके त्रावेसो’ म्हणजे खोडकर पोरगा असे संबोधले. थोरामोठ्यांची खोडी काढणारा संघ ही ओळख तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. 1942 मध्ये ब्राझील दोस्त राष्ट्रांच्या बाजूने महायुद्धात उतरला, तेव्हा इटालियनांच्या ‘पालेस्त्रा इतालिया’ या मोठ्या क्लबला नाव बदलून ‘पाल्मेइरास’ व्हावे लागले, परंतु जुवेंतुसचे नाव कायम राहिले.

रुआ जावारीच्या मैदानाला जगाच्या फुटबॉल इतिहासात जे स्थान आहे, ते मात्र यजमान संघाच्या पराभवामुळे मिळालेले आहे. 2 ऑगस्ट 1959 रोजी राज्य स्पर्धेत सांतोस क्लबने येथे जुवेंतुसचा 4-0 असा पराभव केला. त्या दिवशी अठरा वर्षांच्या पेलेने केलेला एक गोल आपल्या कारकिर्दीतील सर्वांत सुंदर गोल असल्याचे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून अलगद उडवून, स्वतः त्याच्या बाजूने निसटून, पलीकडे तो पुन्हा ताब्यात घेणे याला ब्राझीलमध्ये ‘शापेउ’ म्हणजे टोपी म्हणतात. पेलेने चेंडू जमिनीला लागू न देता एकामागून एक बचावपटूंना आणि शेवटी गोलरक्षकालाही अशी टोपी घातली आणि मग डोक्याने चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलला. तोवर त्याची हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकांकडे वळून त्याने हवेत मूठ उगारली, आणि त्याची ती सुप्रसिद्ध जल्लोषाची मुद्रा येथेच जन्मली असे मानले जाते. या गोलचे चित्रीकरण उपलब्ध नाही. 2004 च्या ‘पेले एतेर्नो’ या माहितीपटासाठी प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यावरून त्याची संगणकावर पुनर्रचना करण्यात आली. पुढे मैदानात पेलेचा अर्धपुतळाही बसवण्यात आला. आपल्याच संघाविरुद्ध झालेल्या गोलचे स्मारक एखाद्या क्लबने अभिमानाने जपावे, ही गोष्ट विरळा आहे आणि क्लबच्या मनाच्या मोठेपणाची साक्ष देणारी आहे.

मोठे खेळाडू घडवायचे आणि ते श्रीमंत क्लबच्या स्वाधीन करायचे, हे अशा क्लबचे आर्थिक प्राक्तन असते. 1956 मध्ये फिओरेन्तिनाला इटलीचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातील जुलिन्यो आणि 1970 च्या विश्वविजेत्या ब्राझील संघाचा गोलरक्षक फेलिक्स या दोघांचीही सुरुवात जुवेंतुसमध्ये झाली. पुढे 1978 मध्ये अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक सेसार लुईस मेनोत्ती हेही खेळाडू म्हणून कारकिर्दीच्या उत्तरार्धात काही काळ या संघात होते.

क्लबचे सर्वांत मोठे यश म्हणजे 1983 ची ‘तासा दे प्राता’, अर्थात त्या काळची राष्ट्रीय द्वितीय श्रेणी स्पर्धा, जिच्या अंतिम फेरीत जुवेंतुसने मासेयो शहराच्या सीएसए या संघाला नमवले. पुढची घसरण समजण्यासाठी ब्राझीलमधील स्पर्धांची रचना लक्षात घ्यावी लागते. तेथे राष्ट्रीय साखळीखेरीज प्रत्येक राज्याची स्वतंत्र, बहुधा अनेक श्रेणींची स्पर्धा असते. राष्ट्रीय साखळीचा विस्तार आणि दूरचित्रवाणीचा पैसा यांमुळे राज्य स्पर्धा वर्षाच्या आरंभीच्या काही महिन्यांत आटोपत्या घेतल्या जातात, आणि राष्ट्रीय श्रेणीत स्थान नसलेल्या क्लबला उरलेले वर्ष काढायला फारसे सामने राहत नाहीत, परिणामी खेळाडूंशी करारही अल्पमुदतीचेच होतात. 2007 मध्ये राज्य महासंघाचा चषक जिंकणारा जुवेंतुस 2008 मध्ये राज्याच्या अव्वल श्रेणीतून खाली गेला आणि नंतर काही हंगाम तिसऱ्या श्रेणीतही खेळला. ही केवळ खेळातील अपयशाची गोष्ट नाही. सामन्यांचे वेळापत्रकच लहान क्लबच्या मुळावर आले आहे.

गिरणी 1960 च्या दशकात बंद पडली, आणि पुढे तिच्या विटांच्या इमारतीत मोठे विक्री-भांडार आले. जेमतेम चार हजारांच्या आसपास प्रेक्षक सामावणारे मैदान मात्र टिकले आणि शहराच्या वारसा मंडळाने त्याला संरक्षणही दिले. दिव्यांच्या मनोऱ्यांअभावी येथील सामने पिढ्यान्‌पिढ्या दिवसाउजेडी होत आले. मध्यंतराला सिसिलीच्या धर्तीची ‘कनोली’, म्हणजे तळलेल्या खुसखुशीत नळीत गोड सारण भरलेली मिठाई, घेण्यासाठी रांग लागते, आणि गोलमागच्या कठड्याला खेटून उभे असलेले तरुण पाठीराखे बाजारू फुटबॉलचा धिक्कार करणारी गाणी नव्वद मिनिटे गातात. याच क्लबच्या युवा संघातून थियागो मोत्ता हा मुलगा विसाव्या शतकाच्या अखेरीस बार्सिलोनाला गेला, पुढे इटलीच्या राष्ट्रीय संघातून खेळला, आणि 2024 मध्ये, मोओकातील क्लबने शंभरी पूर्ण केली त्याच वर्षी, तुरीनच्या मूळ युव्हेंटस क्लबचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमला गेला.