टाकाऊ, टिकाऊ आणि आपल्या मावशी

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात महिला मंडळातर्फे केलेले भाषण)



मला 'टाकाऊतून टिकाऊ' या विषयावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. पाचाची सात झाली तर सेक्रेटरी साहेबांनी घंटा वाजवू नये. ती घंटा म्हणजे माझ्याच घरचं चेपलेलं स्टीलचं ताट आहे, हे मी आधीच सांगून ठेवते.

सुरुवात एका कबुलीने करते. काही वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये आपण 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन भरवलं होतं, आठवतंय ना? रंगवलेल्या बाटल्या, जुन्या सीड्यांची तोरणं, आइस्क्रीमच्या काड्यांची घरं, स्ट्रॉचं झुंबर. कौतुक खूप झालं, बक्षिसंही वाटली. पण त्यासाठी आम्ही बाजारातून काय काय आणलं होतं, ते कुणी विचारलं नाही. ग्लू गनच्या कांड्या, चमकी, अ‍ॅक्रिलिक रंग, प्लास्टिकचे मोती. सगळं कोरं करकरीत! दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत त्यातलं बरंचसं खाली कचऱ्याच्या डब्यात आलं.

आपल्या इमारतीचा कचरा वेगळा करणाऱ्या मावशी एक बाटली घेऊन माझ्या दारात आल्या. बाटली माझीच होती, दुसऱ्या नंबरचं बक्षीस मिळालेली. म्हणाल्या, "ताई, साधी असती तर भंगारवाल्याने घेतली असती. आता हिला कोण घेणार?"

मी काय बोलणार? काच वितळवून पुन्हा काच होते, स्वच्छ पुठ्ठ्याचा पुन्हा कागद होतो. पण काचेवर रंग, रंगावर डिंक, डिंकावर चमकी असं एकदा चिकटवलं की ते वेगळं करत बसायला कुणालाच परवडत नाही. शिवाय ती चमकी म्हणजे बहुधा बारीक केलेलं प्लास्टिकच. ज्या वस्तूची सोय लागणार होती, तिला आम्ही सजवून कायमचा कचरा केला होता.

त्यानंतर मला एकच प्रश्न पडायला लागला. ही वस्तू बनवल्यावर कुणी ती रोज वापरणार आहे का?

उत्तर मिळालं जिन्याखाली. मावशी दुपारच्या वेळी तिथे बसून नातीसाठी दुपटं शिवत होत्या. मी सहज वाकून बघितलं आणि हिरवं काठ ओळखीचं वाटलं. माझ्या सासूबाईंचं इरकल लुगडं! आदल्या वर्षी मीच त्यांना दिलेलं. सासूबाईंची बाकीची लुगडी मात्र सहा वर्षं माझ्या कपाटात होती. नेसवत नव्हती, देववत नव्हती. डांबरगोळ्या घालून नुसती राखण चाललेली. आणि इकडे एका लुगड्यावर उद्या बाळ झोपणार होतं. त्या रात्री मी कपाट उघडलं.

मग आम्ही सात-आठ जणी मावशींकडे गोधडी शिकायला बसलो. दोन नऊवारी लुगड्यांत एक मोठी गोधडी होते, सहावारी असतील तर तीन-चार लागतात. आधी धुऊन खळ पूर्ण काढायची, नाहीतर कसर लागते. जर असेल तर उसवून बाजूला, ती अंगाला टोचते. मग जमिनीवर थर पसरायचे, हाताने सुरकुती काढत काढत, आणि मोठे कच्चे टाके घालून ते जागेवर धरायचे. त्यानंतर खरा धावदोरा: कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्याकडे. जिथे विरलंय तिथे ठिगळ, आणि ठिगळाचा रंग निवडण्यात निम्मी दुपार जाते. ती गेली तरी चालते, कारण तेवढ्या वेळात सगळ्या विंगच्या बातम्या कळतात.

शहाणपणा करून मी एकदा मधल्या थरात पॉलिस्टरची साडी घातली. टिकेल म्हटलं जास्त! ती हाताखालून सारखी सटकायची, आणि वरून तिला घाम शोषता येत नाही. मावशींनी काही न बोलता सगळं उसवायला लावलं. जुनं सुती कापड शंभर धुण्यांत मऊ झालेलं असतं, आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. गोधडीला नवं कापड चालत नाही, जुनंच हवं. टाकाऊ या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला.

2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा आपल्या गणपतीच्या मखराचं काय करायचं यावर किती वाद झाला होता! आता मागे गोधड्या लावतो. विसर्जनानंतर त्या धुऊन ज्याच्या त्याच्या घरी पांघरायला जातात. फेकायला काही उरतच नाही.

आता दुसरी कबुली, आणि ही जास्त जड आहे. गेल्या वर्षी आपण स्टॉल लावला, गोधड्या विकल्या गेल्या, पैसे मंडळाच्या फंडात जमा झाले. तेव्हा एका तरुण सुनेने विचारलं, "मावशींचा वाटा किती?" आणि, "अगं, त्या आपल्यातल्याच आहेत, आवडीने शिकवतात," असं उत्तर देणारी बाई मीच होते. चार महिने त्यांनी रोजची दुपार दिली होती. त्यांच्या विश्रांतीचा तेवढाच वेळ असतो. कापड फुकट आलेलं होतं, म्हणून हातही फुकटच धरले आम्ही.

आता प्रत्येक गोधडीमागे त्यांना मजुरी ठरली आहे आणि शिकवण्याचे वेगळे पैसे देतो. पण त्या पहिल्या चार महिन्यांचे अजून दिलेले नाहीत. फंडातून द्यायचे तर सभेची मंजुरी लागते, असं मला सांगण्यात आलं. ठीक आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन कोण देणार, ते आज चहाच्या वेळी मला येऊन सांगा.

दाराशी तीन गोधड्या टांगल्या आहेत, हात लावून बघा. घरात जुनी सुती लुगडी, साड्या, धोतरं असतील तर रविवारी बी विंगच्या तळमजल्यावर आणून द्या. धुतलेली, बिनखळीची. पॉलिस्टर नको. आणि रंगवलेल्या बाटल्या तर मुळीच नकोत.

मावशी मागच्या रांगेत बसल्यात. मावशी, उठू नका! चहाचं आज दुसरं कुणीतरी बघेल.