सुट्टी संपली, मूल परतलं नाही

आई मुलाला घेऊन सुट्टीला पुण्याला येते. परतीचं तिकीट काढलेलं असतं, पण सुट्टी संपता संपता ठरतं की आता जायचं नाही. तिकडे न्यू जर्सीत वडिलांना शाळेतून फोन येतो, मुलगा कधीपासून येणार? कधी चित्र नेमकं उलटं असतं.

अशा प्रसंगांसाठी १९८० साली हेग इथं आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालच्या मुलाला एका पालकानं परस्पर दुसऱ्या देशात नेलं किंवा तिथं ठेवून घेतलं, तर त्याला नेहमीच्या राहत्या देशात लवकर परत पाठवायचं. ताब्याचा निकाल तिथलं कोर्ट देईल. मुलाला गंभीर धोका असेल, तर मात्र नकार देता येतो.

शंभरहून अधिक देश या करारात आहेत. भारत नाही. नवऱ्याचा मार चुकवून माहेरी आलेली बाईच यात गुन्हेगार ठरेल, हा त्यामागचा आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

भारत करारात नसल्यामुळे मागं राहिलेल्या पालकाला बहुधा इथल्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढं हजर करण्याचा अर्ज करावा लागतो. परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, निर्णायक मात्र मुलाचं हित, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. खटला लांबला की मूल इथं रुळतं, मराठीत भांडायलाही लागतं, आणि ते रुळणंच पुढं युक्तिवाद बनतं.

घरात असं काही शिजत असेल, तर विमानात बसण्याआधी वकिलाला भेटा. मारहाण होत असेल, तर तिथल्या पोलिसांत आणि दवाखान्यात नोंद करून तिची प्रत जवळ ठेवा.