नाव आणि नांव

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून पैनगंगा व वर्धा या नद्या वाहतात. तरी उन्हाळ्यांत विहिरींचे तळ दिसूं लागले म्हणजे पाण्याचें मोल आपणांस पुरतें कळतें. असाच दुष्काळाशीं परिचित मुलूख नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुका होय. तेथील तळेगांव रोहीचा, विहिरी खणण्याचें काम केलेला एक तरुण पुढें पाण्यावरच कीर्ति मिळविता झाला. त्या दत्तू भोकनळ यांच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

वडील निवर्तल्यावर घराचा भार अंगावर आला आणि २०१२ सालीं दत्तू सैन्यांत दाखल झाले. वल्हें हातीं आलें तें पुण्यास, सैन्यांतच. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनीं, २०१६ सालीं, रिओच्या ऑलिंपिकमध्यें ते एकेरी नौकेच्या शर्यतींत उतरले. नौकानयनांत भारतातर्फे त्या वर्षीं गेलेले ते एकटेच होते.

या शर्यतीचें अंतर २,००० मीटर असतें. वल्हविणारा जिकडे जावयाचें तिकडे पाठ करून बसतो. पुढें गेलेले त्याला दिसत नाहींत. मागें पडलेले तेवढे दिसतात. दत्तूंचा क्रमांक तेरावा लागला. शेवटच्या फेरींत त्यांस ६ मिनिटें ५४.९६ सेकंद लागले. न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलनें सुवर्णपदक जिंकलें तें ६ मिनिटें ४१.३४ सेकंदांत. दोन वेळांतील अंतर चौदा सेकंदांहून कमी! चार वर्षांपूर्वीं ज्यानें वल्हें हातीं घेतलें, त्याच्या श्रमाचें हें माप आहे.

परंतु लोकप्रियतेचें माप निराळें असतें. २०१८ सालीं इंडोनेशियांत आशियाई स्पर्धांत स्वर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीतसिंग यांच्यासमवेत त्यांनीं चौघांच्या नौकेंत सुवर्णपदक मिळविलें. त्याच स्पर्धांतील एकेरी शर्यत मध्येंच सोडल्याच्या आरोपावरून २०१९ सालीं त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली; २०२० च्या जानेवारींत ती उठली, आणि त्याच सालच्या अर्जुन पुरस्कारांत त्यांचें नांव झळकलें. कौतुक, दूषण आणि पुन्हां गौरव, हें सारें दोन वर्षांच्या आंत!

'नाव' आणि 'नांव' हे शब्द कानांस सारखेच लागतात; जुन्या लेखनपद्धतींत फरक एका अनुस्वाराचा. नाव स्वतःच्या बाहुबळावर चालते. नांव मात्र परक्यांच्या तोंडीं असतें, आणि हल्लीं तर हातांतील दूरध्वनीच्या पडद्यावर क्षणांत चढतें व उतरतें. म्हणून पालकांना माझें इतकेंच सांगणें आहे, कीं आपलें मूल मैदानावरून तेरावें येऊन घरीं परतलें, तर 'पदक कोठें?' हा प्रश्न आधीं विचारूं नका. 'गेल्या खेपेपेक्षां किती सेकंद कमी लागले?' असें विचारा. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं तें दुसऱ्या दिवशीं पहांटे पुन्हां उठेल.