रुळांवरचा पहारा : व्हिक्टोरियाकालीन सिग्नल केबिन

रेल्वे स्थानकाच्या टोकाला उभी असलेली दुमजली केबिन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली असेल. वर काचांची खोली, खाली विटांचा बंद मजला, बाजूला जिना. ही वास्तू घडली ती राणी व्हिक्टोरियाच्या काळातील इंग्लंडमध्ये. तिचा आकार वास्तुविशारदाच्या हौसेपेक्षा आतील कामानेच अधिक ठरविला.

आरंभी सांधेवाले रुळांपाशीच उभे राहून सांधे बदलीत. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरेच सांगतो, असा घोटाळा सहज होई. जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली सांधे व सिग्नल एकत्र चालविणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. पुढे सारे लिव्हर एका छताखाली आले. दूरवर नजर जावी म्हणून सिग्नलमन वरच्या मजल्यावर बसला. खालच्या मजल्यात लोखंडी पट्ट्यांची अशी गुंतवण झाली की, एक मार्ग खुला असताना त्याला छेदणाऱ्या मार्गाचा लिव्हर हलूच नये. माणूस चुकला तरी लोखंड त्याला अडवी.

तथापि खर्चाच्या भयाने काही कंपन्या टाळाटाळ करीत राहिल्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माजवळ मुलांच्या सहलीची गाडी चढावर अडली. सोडविलेले मागील डबे उतारावरून घरंगळले आणि केवळ वेळेचे अंतर राखून सोडलेल्या पुढच्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जणांचा बळी गेला. मग मात्र कायद्याला त्याच वर्षी मुहूर्त सापडला! एका टप्प्यात एकच गाडी, परस्परबद्ध सांधे-सिग्नल आणि सर्व डब्यांना सलग ब्रेक यांची प्रवासी मार्गांवर सक्ती झाली.

उत्तर इंग्लंडमधील हेक्सहॅमची केबिन त्यानंतरची, सुमारे १८९६ ची. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने ती लोखंडी तुळयांवर, चक्क रुळांच्या डोक्यावर उभारली. गाड्या तिच्या पोटाखालून जातात. अशा केबिनमध्ये लाल लिव्हर सिग्नलचे, काळे सांध्यांचे. घामाने चकचकीत पोलाद गंजू नये म्हणून सिग्नलमन हाती फडके घेऊनच लिव्हर ओढी. शेजारच्या केबिनशी त्याचे बोलणे चाले ते घंटेच्या ठोक्यांनी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये १२ हजारांवर केबिन होत्या. २०१२ मध्ये पाचशेही चालू नव्हत्या. नियंत्रण दूरच्या केंद्रांकडे जात असता २०१३ मध्ये आणखी २६ केबिनांना संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. हेक्सहॅमलाही तो आहे. परंतु धावत्या गाड्यांच्या शेजारी असलेल्या रिकाम्या केबिनचा उपयोग काय करावा, हा प्रश्न दर्जा मिळाल्याने सुटत नाही. सेंट ऑल्बन्स येथील १८९२ ची केबिन स्वयंसेवकांनी दुरुस्त करून लोकांसाठी खुली केली आहे. तेथे येणाऱ्यांना लिव्हर स्वतः ओढून पाहता येतो.