गडग्यापलीकडचा सोबती

(देवगड येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेले भाषण)



देवगड तालुक्यातील वाड्या विखुरलेल्या आहेत. दोन घरांच्या मध्ये कलमांची बाग आणि चिऱ्यांचा गडगा असतो. तरीही येथील माणूस सहसा एकटा पडत नाही. बंदरावरील मासळीचा लिलाव, आंब्याच्या पेट्या भरण्याचे दिवस, कुणकेश्वराची जत्रा, दशावताराची रात्र त्याला माणसांत आणते. परंतु नेमकी ही गर्दीच ज्यांना सोसत नाही, अशा व्यक्तीही याच वाड्यांत राहतात. त्यांच्या एकटेपणाचा विचार होणे अगत्याचे आहे.

स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नव्हे. ते मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण होय. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणांवरून तिचे वर्णन केले. पुढे काही दशके आईच्या कोरड्या वागणुकीला दोष दिला गेला. तो समज संशोधनाने खोटा ठरविला. मोठा आवाज, प्रखर प्रकाश किंवा अनपेक्षित स्पर्श अशा व्यक्तीस असह्य होऊ शकतो. थट्टेतील शब्दही ती सरळ अर्थाने घेते. एखाद्या विषयाचा तिला विलक्षण ध्यास असतो.

समजा, असा एक तरुण बागेत आंब्यांची प्रतवारी करतो. चार डझनी आणि पाच डझनी पेटीत त्याची कधी गल्लत होत नाही. हंगामात त्याला सर्वजण हाक मारतात; हंगाम सरला की चहालाही कोणी बोलावीत नाही. 'त्याला माणसे नकोच असतात,' असे म्हणून सारे मोकळे होतात. हाच मोठा गैरसमज आहे. मैत्रीची ओढ त्यालाही असते. ती जोडण्याची रीत मात्र वेगळी असते.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, न समजणे हे दोन्ही बाजूंचे असते. २०२० मध्ये एडिंबरो विद्यापीठातील कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ जणांच्या साखळ्या करून, कानगोष्टींच्या खेळाप्रमाणे एक गोष्ट पुढे सांगावयास लावली. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळत गेली. दोष एकाचा नव्हे, दोघांमधील पुलाचा होता.

दुसरा प्रश्न स्वत्वाचा. चारचौघांसारखे दिसण्यासाठी अनेकजण ओढूनताणून नजर मिळवितात, पाठ केलेली वाक्ये बोलतात. दशावतारातील नट पहाटे रंग उतरवितो. यांना दिवसभर तो उतरविता येत नाही. त्यातून थकवा व नैराश्य येते आणि 'खरा मी कोणता?' हा प्रश्न छळू लागतो. आपल्या वेगळेपणाचे नाव उशिरा कळले तरी अनेकांना हायसे वाटते. आपण आळशी वा उद्धट नव्हतो, हे त्यांना उमगते.

कायद्याने या व्यक्तींची दखल घेतली आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत ती आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. त्या खर्चाचे नियोजन करताना या घरांचाही विचार व्हावा.

परंतु मैत्री निधीतून मिळत नाही. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याला त्याच्या आवडीच्या विषयात एक जोडीदार मिळवून द्यावा, दिनक्रमातील बदल आधी सांगावा आणि त्याच्या नक्कल-टिंगलीला आळा घालावा. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ध्वनिक्षेपकापासून दूर एक जागा राखावी आणि बोलणे जमत नसल्यास लेखी म्हणणे स्वीकारावे. शेजाऱ्याने ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी यावे. फार न बोलताही शेजारी बसता येते.

गडगा पाडण्याची गरज नाही. त्यात एक वाट ठेवावी आणि ती दोन्ही बाजूंनी वापरात राहावी, एवढेच पुरेसे आहे.