विंचू सोडा, नांगी ठेचा

शनिवार पेठेतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं, की प्रतिजैविकाच्या गोळ्यांबद्दल एक वाक्य हमखास कानावर पडतं : "पाच दिवसांच्या नकोत, दोनच दिवसांच्या द्या. बरं वाटलं की बघू." 1945 साली नोबेल व्याख्यानात पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनी याच गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली होती. घसा धरला म्हणून तो थोडंसं पेनिसिलिन घेतो, जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात, आणि तेच जंतू पुढे त्याच्या बायकोचा जीव घेतात. आपला पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना तेव्हा उभाही राहिला नव्हता, तो 1954चा.

जंतू मारायला गेलं की दुबळे मरतात, चिवट उरतात आणि रिकाम्या रानात त्यांचाच वंश माजतो. म्हणून काही संशोधक म्हणतात, विंचू राहू दे, नांगी ठेचा. कॉलऱ्याचंच बघा. 1959 साली कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडं पाण्यानं फुगलं. घात करतं ते विष! 2005मध्ये अमेरिकेत व्हिरस्टॅटिन नावाचा रेणू सापडला. तो कॉलऱ्याच्या जंतूला मारत नाही. विष बनवायचा आणि आतड्याला चिकटायचा हुकूम सोडणारं त्याचं प्रथिन तेवढं गप्प करतो. उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात मग जंतूंना नीट ठाणच मांडता येईना. यालाही दाद न देणारा जंतू प्रयोगशाळेत निघाला, हेही सांगायला हवं.

पुण्याला विषावरच घाव घालायची ही युक्ती जुनीच. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची 1966मधली सुरुवात घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचा उतारा काढण्यापासून झाली. हा उतारा रक्तात फिरणारं विष पकडतो, मज्जातंतूत शिरलेल्या विषापुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून तो वेळेत द्यावा लागतो.

नांगी ठेचणाऱ्या नव्या औषधांचंही दुखणं तेच. जंतू कोणता, त्याची नांगी कोणती, हे वेळेत कळायला हवं. नेहमीचं प्रतिजैविक जंतूला नाव-गाव विचारत बसत नाही. इथे मात्र आधी तपासणी, मग रिपोर्ट, मग औषध. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला तर दोन दिवसांच्या गोळ्या आत्ताच्या आत्ता हव्या असतात.